ताडोबाच्या वेशीवर एक रात्र खोलीत, दोन रात्री व्हिलात

लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून या एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघे ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटजवळच्या एका रिसॉर्टमध्ये तीन रात्री राहून आलो. लेकीने फोनवर बजावले होते की या वेळी काटकसर नको, व्हिलाच घ्या. परंतु रविवारी एकही व्हिला रिकामा नव्हता, त्यामुळे पहिली रात्र साध्या खोलीत आणि सोमवार-मंगळवारच्या रात्री व्हिलात अशी वाटणी करावी लागली. बुकिंग करताना ती अडचण वाटली होती. आता मात्र असे वाटते की एकाच आवारात, एकाच स्वयंपाकघरातले जेवून आणि एकाच उन्हात तापून दोन्ही प्रकार पाहिले, म्हणूनच त्यांची तुलना करण्याचा थोडाफार अधिकार मला पोचतो. रिसॉर्टचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या दुरुस्त करण्याची तयारी तेथील व्यवस्थापकांनी दाखवली आहे.

साधी खोली दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर होती. एक पलंग, दोन खुर्च्या, भिंतीतले कपाट, स्वच्छ न्हाणीघर आणि अंगणाकडे उघडणारी एक खिडकी, एवढाच तिचा संसार. वर मजला आणि दोन्ही बाजूंना खोल्या असल्यामुळे ऊन लागायला तिला एकच भिंत होती, आणि दीड टनाच्या एसीने ती दहा मिनिटांत गार केली. या गारव्याची किंमत तेथे असताना कळली नाही, व्हिलात गेल्यावर कळली. उणीव म्हणाल तर मधल्या भिंती पातळ आहेत. शेजारच्या खोलीतले गृहस्थ पहाटे चारला घसा खाकरू लागले, तेव्हा आम्हांला गजराची गरजच उरली नाही; मात्र आदल्या रात्री साडेअकरापर्यंत चाललेला त्यांचा हिशेब, म्हणजे कोणत्या भावाने कोणती जमीन लाटली, हाही आम्हांला ऐकावा लागला. नवविवाहितांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण भिंत दोन्हीकडून सारखीच पातळ असते.

आता वेळेचा हिशेब. खोली दुपारी दोनला ताब्यात मिळते आणि सकाळी अकराला सोडावी लागते, म्हणजे एका रात्रीचे पैसे भरून हातात येतात ते एकवीस तास. त्यांतले साडेचार तास दुपारच्या सफारीत जातात आणि तयारी धरून पाच तास सकाळच्या. झोपेला सहा तास तरी हवेतच, कारण उन्हाळ्यात पहाटे साडेचारच्या आत उठावे लागते. जेवणे आणि चहा-नाश्त्याचे तीन तास वजा केले की शुद्धीवर राहून खोलीत बसायला उरतात जेमतेम अडीच तास. आमच्या खोलीचा दर 5,500 रुपये होता आणि व्हिलाचा 9,000 रुपये, दोन्हींत सकाळचा नाश्ता धरलेला. फरक 3,500 चा दिसतो. पण 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्यावरच्या खोलीवर 18 टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे खोली 5,775 ला पडली आणि व्हिला 10,620 ला. खरा फरक झाला 4,845 रुपयांचा. दोन सफारींच्या दिवशी त्या अडीच तासांसाठी आपण तासाला 1,900 रुपयांहून अधिक मोजतो, आणि तेही अंगावरची धूळ झटकत आणि जांभया देत.

शाळेत तीस वर्षे गणित शिकवल्याची ही खोड आहे, हे मान्य. माझ्या यजमानांनी हा हिशेबाचा कागद पाहून तो घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवून दिला आणि परत येईपर्यंत बाहेर काढू दिला नाही.

सोमवारी दुपारी सामान व्हिलात हलवले. पाहताक्षणी तो फार देखणा वाटतो. उतरते छप्पर, त्यावर कवेलू, समोर रुंद ओसरी, ओसरीपुढे चार हात लांबीचा खासगी पोहण्याचा हौद आणि पलीकडे कुंपणापर्यंत मोह, तेंदू आणि बांबू. पण तो सुटा उभा आहे, म्हणजे चारही भिंतींवर आणि छपरावर ऊन घेतो. कवेलू केवळ शोभेचे, त्याखाली काँक्रीटचा स्लॅब आहे, आणि पश्चिमेची पूर्ण भिंत काचेची. ज्याने हा आराखडा काढला त्याने चंद्रपूर जिल्ह्यातला एप्रिल पाहिलेला नसावा. बाहेर 42 अंश असताना तेवढ्या उंच छताच्या दालनाला एकच एसी लावलेला, तो सायंकाळी सातपर्यंत नुसता घरघरत राहिला. आमच्या गावी अजूनही खिडकीला कूलर लावून त्याच्या ताट्या भिजवतात, त्या खोलीत दुपारी याहून बरी झोप लागते. हौदाचीही तीच कथा. दुपारी चारला त्यातले पाणी गिझरमधून काढल्यासारखे, आणि पहाटे जेव्हा ते सुखद गार असते तेव्हा आपण सफारीच्या उघड्या जिप्सीत बसलेलो असतो.

न्हाणीघराचा अर्धा भाग उघडा आहे, वर आकाश आणि भोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत. जाहिरातीतल्या छायाचित्रात याच जागेला सर्वांत मोठा मान दिलेला होता. माझ्या सासरी जुन्या वाड्यात मागल्या अंगणात अशीच न्हाणी होती, आणि तिच्यावर छप्पर घालून घेण्यासाठी सासूबाईंनी सासऱ्यांशी दोन वर्षे भांडण केले होते. येथे तिच्यासाठी जादा पैसे मोजले आणि दुसऱ्या दिवशी अंगाला साबण लावलेला असताना भिंतीवर एक वानर येऊन बसले. ते शांत होते. त्याला हे दृश्य नवे नसावे.

आणि तरीही मंगळवारने माझा कागदावरचा हिशेब बदलला. ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, दर मंगळवारी बंद असतो. आमच्या लग्नाचा वाढदिवस त्याच दिवशी आल्यामुळे आणि बुकिंग करताना ते ध्यानात न आल्यामुळे त्या दिवशी आम्हांला सफारीच नव्हती. पहाटे पाचला सवयीने जाग आली आणि ओसरीवर येऊन बसलो. उजाडायच्या आधी मोहाची फुले गळत होती. प्रत्येक फुलाचा हौदाच्या पाण्यावर पडताना टप् असा अगदी हलका आवाज होई, आणि प्रकाश फुटला तेव्हा पाण्यावर पिवळसर बत्तासे पसरल्यासारखे दिसत होते, गोडसर, किंचित आंबूस वासाचे. पावशा एका सुरात ओरडत होता. मध्येच कुंपणापलीकडे चितळाने इशाऱ्याची हाक दिली, पुन्हा दिली, आणि थांबला. यजमान पंचवीस वर्षांत सकाळी सहाला वर्तमानपत्राशिवाय माझ्याशेजारी स्वस्थ बसल्याचे मला आठवत नाही. सातच्या सुमारास गावातली एक ताई जाळीचा झारा घेऊन फुले काढायला आली. मी विचारले तेव्हा म्हणाली की हौदातली फुले वाया जातात, झाडाखालची मात्र ती घरी नेऊन वाळवते. तिने ओंजळभर मलाही दिली.

त्या दिवशी जागेपणी चौदा तास आम्ही व्हिलात आणि त्याच्या ओसरीवर होतो. जादाचे 4,845 रुपये चौदा तासांवर वाटले तर तासाला 346 पडतात, आणि त्या पहाटेचे कोणी एवढे मागितले असते तर मी दिले असते. ज्या दाम्पत्याला सफारी एखादीच करायची आहे किंवा करायचीच नाही, त्यांनी व्हिला घ्यावा. ज्यांना वाघ पाहायचा आहे आणि दिवसाच्या दोन्ही फेऱ्या धरल्या आहेत, त्यांनी साधी खोली घेऊन उरलेली रक्कम जिप्सीसाठी राखावी. कोअरमध्ये जिप्सीचे पैसे गाडीमागे लागतात, आत दोघे बसोत की सहा, आणि दोघांनाच जायचे तर तो बोजा दोघांवरच येतो. त्याहूनही आधी सफारीचे गेट पक्के करावे आणि मग त्याच गेटजवळ राहण्याची जागा शोधावी. कोलारा या दुसऱ्या गेटचे बुकिंग आणि मोहर्लीचा मुक्काम असे झाले, तर बाहेरच्या रस्त्याने पहाटेचा तासाभराहून अधिक वेळ मोटारीत जातो, आणि मग उशी व्हिलाची होती की खोलीची, याने काही फरक पडत नाही.

एकांताबद्दल मात्र जाहिरात अर्धेच सांगते. व्हिला भोजनगृहापासून तीनशे पावलांवर आहे आणि वाटेवर दिवे जाणीवपूर्वक मंद ठेवले आहेत, जे जंगलाच्या दृष्टीने योग्यच आहे. सामान पोचवणाऱ्या मुलाने पहिल्याच दिवशी सांगितले, "काकू, अंधार पडल्यावर एकट्या निघू नका जी, फोन करजा, मी घ्याले येतो." परिसरात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे यात अतिशयोक्ती काही नाही; पण रात्री हवे तेव्हा हातात हात घालून फिरता येईल अशा कल्पनेने कोणी व्हिला घेत असेल, तर सात वाजल्यानंतर तो एकांत बंदिस्त असतो हे समजून घ्यावे. जेवण व्हिलात मागवले तर पाटोडीच्या रश्शावरची तर्री वाटेतच थिजते. आम्ही सोमवारी मागवले, मंगळवारी मुलाला बोलावून टॉर्चच्या उजेडात भोजनगृहात गेलो, आणि तोच रस्सा ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर उत्तम लागला.

गंभीर तक्रार एकच आहे. मंगळवारी रात्री अकराला लाईन गेली, ती पावणेदोनला आली. इमारतीतल्या खोल्यांचे एसी जनरेटरवर चालू राहिले. व्हिलात मात्र इन्व्हर्टरवर दोन दिवे आणि एक पंखा एवढेच चालू होते. दुपारभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, त्या स्लॅबखाली आम्ही पावणेतीन तास ओला पंचा मानेवर घेऊन बसलो, आणि 5,500 च्या खोलीतले पाहुणे, जमिनीच्या हिशेबवाले गृहस्थही, गारव्यात झोपले होते. बुकिंगच्या वेळी ही गोष्ट कोणीही सांगितली नव्हती. सकाळी व्यवस्थापकांनी दिलगिरी व्यक्त केली, लिंबू सरबत पाठवले आणि पावसाळ्यापूर्वी व्हिलांची जोडणी जनरेटरला करू असे सांगितले. बिलातून काही कमी केले नाही, मीही मागितले नाही. आपण बुकिंग करताना व्हिलाचा एसी जनरेटरवर आहे का, हा प्रश्न हौदाच्या लांबीआधी विचारावा.

बिलाबाबत आणखी एक बारकावा. मागील आर्थिक वर्षात ज्या हॉटेलातील एखादी तरी खोली दिवसाला 7,500 रुपयांच्या वर गेली असेल, तेथील उपाहारगृहाच्या बिलावर 5 ऐवजी 18 टक्के जीएसटी लागतो. रविवारी आम्ही साध्या खोलीत असूनही आमच्या 1,450 रुपयांच्या जेवणावर 261 रुपये कर लागला, तो शेजारच्या व्हिलांमुळे. उलट व्हिलाचा दर घासाघीस करून 7,500 वर आणता आला तर तो करासह 7,875 ला पडतो, आणि 7,600 वर अडला तर 8,968 ला. शंभर रुपयांसाठी इतके वाद घालणे शोभत नाही असे यजमानांचे मत आहे. त्या शंभरामागे 1,093 रुपये आहेत असे माझे.

चिखलदऱ्याला हे गणित वेगळे होते. तेथे दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नव्हते, दिवसाचा बहुतेक वेळ मुक्कामीच गेला, आणि स्वतंत्र ओसरी असलेली जागा घेतल्याचे समाधान वाटले, जरी तीन दिवसांत एकही टॉवेल वाळला नाही. तेथे एसीचा प्रश्नच नव्हता.

पावसाळ्यात बंद झालेला कोअर ऑक्टोबरात पुन्हा उघडतो. त्या वेळी तळमजल्यावरील टोकाची खोली रविवार-सोमवारसाठी हवी, जिच्या एकाच बाजूला शेजार आहे, आणि फक्त मंगळवारची रात्र व्हिलाची. मोह तेव्हा फुललेला नसेल, पण पहाट गार असेल. व्यवस्थापकांना तसे सांगून ठेवले आहे. दर त्यांनी अजून कळवलेला नाही, आणि तो 7,500 च्या आत बसावा म्हणून पुढचा फोन मीच करणार आहे.