‘सिंगल’ की ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’? अमेरिकेतील करभरणा सॉफ्टवेअरचा एका हंगामाचा अनुभव

न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या अविवाहित माणसाला अमेरिकी कर-विवरणपत्रात निवड करण्यासारखे फारसे काही नसते. 31 डिसेंबरला लग्न झालेले नसेल आणि कोणी अवलंबून नसेल, तर फाइलिंग स्टेटस, म्हणजे करदात्याचा वर्ग, ‘सिंगल’. आणि घरकर्ज नसेल, तर बहुतेक वेळा स्टँडर्ड डिडक्शनच (खर्चांची यादी न देता उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) फायद्याचे ठरते, जे 2024 या करवर्षासाठी 14,600 डॉलर होते. एवढ्या सरळ कामासाठी मी एका मोठ्या कंपनीचे सशुल्क सॉफ्टवेअर घेतले. त्यातील बाकी सोयी-गैरसोयी क्षम्य आहेत, पण एक प्रश्न मला अजिबात क्षम्य वाटत नाही.

तो प्रश्न असा: ‘तुम्ही कुणाचा खर्च उचलता का?’ कोल्हापूरला राहणाऱ्या माझ्या आई-वडिलांच्या घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग मी पाठवतो, म्हणून ‘हो’ म्हटले. पुढे नाते विचारले, खर्चातील वाटा विचारला, आणि स्टेटस आपोआप ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ (अवलंबून असलेल्यांचे घर चालवणारी अविवाहित व्यक्ती) झाले. स्टँडर्ड डिडक्शन 21,900 डॉलरवर गेले आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातील रिफंडचा आकडा माझ्या 88,000 डॉलर पगारावर सुमारे 3,300 डॉलरने वाढला. आई-वडील आपल्यासोबत राहत नसले तरी हे स्टेटस मिळू शकते, ही तरतूद खरी आहे, आणि म्हणूनच तो आकडा पटण्यासारखा वाटतो. मात्र अवलंबून असलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी, नाहीतर कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. ही अट सॉफ्टवेअरने ‘अधिक माहिती’ या बारीक अक्षरांतील दुव्यामागे ठेवली होती आणि रहिवासाच्या चौकटीत ‘हो’ आधीच भरलेले होते.

मी ती खूण काढली आणि ग्राहक सेवेला फोन केला. दोन वेगवेगळ्या प्रतिनिधींनी ‘प्रणालीने मान्य केले असेल तर बरोबरच आहे’ असे सांगितले, तेव्हा मला खरा संताप आला. पैसे घेऊन विवरणपत्र तयार करणाऱ्या माणसाला ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ लावताना फॉर्म 8867 भरून चौकशी केल्याची नोंद ठेवावी लागते. आपण स्वतः सॉफ्टवेअर वापरून भरतो तेव्हा ही जबाबदारी कोणीच घेत नाही. चुकीच्या दाव्यामुळे कर कमी भरला गेला, तर त्या रकमेवर 20 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो आणि तो आपल्यालाच भरावा लागतो. परदेशातून येऊन पहिल्या-दुसऱ्या वर्षी विवरणपत्र भरणाऱ्या मुलामुलींनी त्या आकड्यावर विश्वास ठेवला, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

या टप्प्यावर मी सॉफ्टवेअरला एकच तारा देणार होतो. राज्याच्या विवरणपत्राने माझे मत बरेच बदलले. न्यू जर्सीत स्टँडर्ड डिडक्शन नाही, परंतु भाडेकरूच्या वार्षिक भाड्यातील 18 टक्के रक्कम मालमत्ता कर म्हणून धरली जाते आणि तिची वजावट मिळते. सॉफ्टवेअरने न चुकता भाडे विचारले. महिना 1,800 डॉलर भाड्यावर 3,888 डॉलरची वजावट निघाली आणि राज्याचा कर सुमारे 248 डॉलरने कमी झाला. सॉफ्टवेअरचे शुल्क त्यातून वसूल झाले, हे मान्य केले पाहिजे. एरवी हे माझ्या लक्षात आले असते की नाही, सांगता येत नाही.

शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत मात्र पुन्हा अडचण. या कर्जावरचे व्याज स्टँडर्ड डिडक्शन घेऊनही वेगळे वजा करता येते. कमाल मर्यादा 2,500 डॉलर असून 2024 साठी अविवाहितांच्या बाबतीत 80,000 ते 95,000 डॉलर उत्पन्नादरम्यान ती कमी होत जाते. माझे कर्ज भारतीय बँकेचे असल्याने फॉर्म 1098-ई (कर्ज देणाऱ्या संस्थेने पाठवलेला व्याजाचा दाखला) येत नाही, आणि फॉर्म नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअर तो विभागच ओलांडून पुढे जाते. मागे जाऊन, बँकेचे व्याज प्रमाणपत्र समोर ठेवून, रक्कम हाताने भरावी लागते. गावाकडील संस्थेला दिलेल्या देणगीची 80जी पावती (भारतातील प्राप्तिकर सवलतीसाठीची) मात्र येथे कामाची नाही, त्यामुळे ‘देणग्या आहेत? वरची आवृत्ती घ्या’ या सूचनेसाठी एक डॉलरही खर्चू नये.

2025 या करवर्षासाठी अविवाहितांचे स्टँडर्ड डिडक्शन 15,750 डॉलर झाले आहे, म्हणजे खर्चांची यादी करून वजावट घेण्याचे कारण आणखी कमी झाले. पुढच्या वेळी मी केंद्राचे विवरणपत्र आयआरएसच्या (अमेरिकेच्या केंद्रीय कर विभागाच्या) विनाशुल्क भरण्यायोग्य फॉर्मवर भरेन, कारण त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही, आणि न्यू जर्सीचे राज्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. भाड्याची ओळ कुठे असते, ते आता ठाऊक आहे. कंपनीने रहिवासाचा प्रश्न ठळकपणे आणि आधी विचारायला सुरुवात केली, तर मी आणखी दोन तारे आनंदाने देईन, तोपर्यंत दोनच.