कासाल्सचा बाख : क्रमाने नको, तारखेने ऐका

'सध्या काय ऐकतेयस?' असं आमच्यात कुणी विचारलं की उत्तर देताना सगळेच जरा भाव खातात. असं एखादं नाव काढायचं की बाकीच्यांनी नुसती मान डोलवावी आणि नंतर गुपचूप शोधत बसावं. माझं उत्तर मात्र गेले पाच आठवडे एकच आहे, आणि त्यात भाव खाण्याजोगं काही नाही. पाब्लो कासाल्स या स्पॅनिश चेलोवादकाने वाजवलेले, जर्मन रचनाकार बाखचे चेलोसाठीचे सहा सुइट. चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ; सुइट म्हणजे बहुतेक नाचांच्या तुकड्यांची एक माळ. चेलो ऐकणाऱ्या कुणालाही हे सहा माहीत असतात. परवा एक मैत्रीण वैतागून म्हणाली, 'अजून तेच?' तिच्यासाठी हे सविस्तर.

आधी तक्रारी उरकते. पहिल्यांदा लावलं तेव्हा मला वाटलं, हेडफोन गेले. पिन काढली, पुसली, पुन्हा खोचली. खरखर जागच्या जागी. १९३६ ते १९३९ या काळातल्या तबकड्यांवरून उतरवलेला हा आवाज आहे, शेजारी कुणीतरी सतत कागद चोळत बसल्यासारखा. त्यात डाव्या हाताची बोटं पट्टीवर आपटल्याचे ठोके ऐकू येतात, आणि जलद जागी गज इतक्या जोरात उतरतो की स्वराच्या आधी त्याची खरड पोचते. गुळगुळीत आवाजाची सवय असेल तर पहिली दहा मिनिटं जड जातील.

म्हणून मी एक 'स्वच्छ केलेली' आवृत्ती मिळवली. कुणाची ते सांगत नाही, पण तिची शिफारस करणार नाही. खरखर गेली, तिच्याबरोबर गजाची धारही गेली. गज दिशा बदलतो तो बारीकसा क्षण, जिथे कासाल्स खरं म्हणजे बोलतो, तोच पुसला गेलाय. दोन दिवसांत मी मुकाट्याने खरखरीकडे परतले. कान फार लवकर ती वजा करायला शिकतो. तबकड्यांवरचे अब्दुल करीम खाँ ज्यांनी ऐकलेत त्यांना हे मी सांगायला नको.

दुसरी तक्रार गाण्याच्या अ‍ॅपबद्दल. सहा सुइट, प्रत्येकी सहा भाग, म्हणजे छत्तीस तुकडे. अ‍ॅपला ती छत्तीस गाणी वाटतात. माझ्याकडे एकदा चुकून शफल चालू राहिलं आणि पहिल्याच्या प्रेल्यूडनंतर (सुरुवातीचा भाग) थेट सहाव्याची जीग (शेवटचा वेगवान नाच) सुरू झाली. आलापावरून एकदम 'झाला'वर उडी मारल्यासारखं वाटलं. आधी शफल बंद करा, मग पुढचं वाचा.

आता मुद्द्याचं. हा संच बहुतेक ठिकाणी पहिला, दुसरा, तिसरा अशा बाखच्या क्रमाने लावलेला असतो. कासाल्सने मात्र त्या क्रमाने वाजवलेलाच नाही. नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनला दुसरा आणि तिसरा झाला. जून १९३८ मध्ये पॅरिसला पहिला आणि सहावा. जून १९३९ मध्ये पुन्हा पॅरिसला चौथा आणि पाचवा. मी तिसऱ्या आठवड्यापासून याच क्रमाने ऐकायला लागले आणि तेव्हापासून हा संच मला वेगळाच वाटतोय.

बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात या सुइटची प्रत कासाल्सला सापडली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तोवर लोक त्यांच्याकडे फार तर हाताच्या व्यायामासारखे बघायचे. त्याने बारा वर्षं घरी घासले आणि मग लोकांपुढे अख्खा सुइट वाजवला. सहाही तबकडीवर उतरवायला बसला तेव्हा तर साठी उंबरठ्यावर होती! तोवर, जुलै १९३६ मध्ये, स्पेनमध्ये यादवी सुरू झाली होती. म्हणजे लंडनच्या त्या दोन सुइटच्या मागे चार महिन्यांची लढाई आहे. १९३९ च्या एप्रिलमध्ये बंडखोर सेनापती फ्रँकोने विजय जाहीर केला, आणि जूनमध्ये कासाल्स चौथा-पाचवा वाजवत होता तेव्हा तो देशाबाहेर होता. सप्टेंबरमध्ये महायुद्ध. वादनात हे 'ऐकू येतं' असं म्हणायचा मोह होतो, पण तो मी आवरते. माणूस चेलो वाजवतोय, बातम्या देत नाहीये. तरी तारखेच्या क्रमाने गेलं की शेवटी पाचवा येतो, आणि सहांमधला सगळ्यात काळोखा सुइट तोच आहे. बाखच्या क्रमात तो सहाव्याच्या उजेडाआधी येऊन जातो. इथे त्याच्यापुढे काहीच नाही.

दुसऱ्यापासून सुरुवात केली की प्रेल्यूड लगेच कोड्यात टाकतो. बोलता बोलता मध्येच थबकतो, एक शांतता, मग पुन्हा सुरू, आणि शेवटच्या पाच मापांसाठी (तालाचे छोटे खंड) बाखने नुसते कॉर्ड (एकदम वाजणारे दोन-तीन स्वर) लिहून ठेवलेत. इथेच मला कासाल्सची एक खोड सापडली. सा वर यायच्या आधीचा शुद्ध निषाद तो जरा चढा लावतो. पियानोवाल्या कानाला ते बेसूर वाटेल. आपल्या कानाला नाही वाटत, कारण निषादाने षड्जाकडे झुकायचं असतं हे आपण कधी न शिकताही जाणतो. तो हे मुद्दाम करायचा आणि शिष्यांनाही तसंच शिकवायचा. मी ती जागा सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकली असेन. पाश्चात्त्य संगीत म्हणजे सगळे स्वर पट्टीने आखलेले, असं समजणाऱ्या प्रत्येकाला हे अर्धं मिनिट ऐकवावं.

तिसरा त्याच्या अगदी उलट. वरच्या सा पासून सरळ अवरोह, सगळे स्वर शुद्ध, खाली सा वर आला की तिथून प, ग आणि चेलोची सगळ्यात खालची मोकळी तार, तिथला खर्जाचा सा. बस. एवढ्यात राग मांडून झाला. कासाल्स तो खालचा सा असा टेकवतो की हेडफोनमध्येही छातीत कळतो.

पहिला आणि सहावा थोडक्यात. पहिल्याचा प्रेल्यूड इतक्या ठिकाणी वाजून झालाय की मला तो आता ऐकूच येत नाही, त्यात कासाल्सचा दोष नाही. सहावा बाखने पाच तारांच्या वाद्यासाठी लिहिलाय. चार तारांवर तो वाजवताना हात फार वर चढतो, आणि इथे ती ओढ जाणवते. माझं मन त्यात रमत नाही.

पाचव्यासाठी मात्र वेळ काढून ठेवा. चेलोच्या तारा खालून वर सा, प, रे, ध अशा असतात (पाश्चात्त्य 'सी' स्वराला सा मानून). पाचव्यासाठी बाखने सगळ्यात वरची तार एक स्वर उतरवायला सांगितली आहे, म्हणजे सा, प, रे, प. मालकंसासाठी तंबोऱ्याचा पंचम उतरवून मध्यम करतात ना, त्याच जातीची गोष्ट. वाद्याचा घुमाराच बदलतो. बरेच वादक मात्र नेहमीच्या मिळवणीतच भागवतात.

आणि त्यातला साराबांद, म्हणजे संथ नाच. बाकीच्या पाच सुइटमधल्या साराबांदमध्ये दोन-तीन तारा एकदम वाजतात, भरगच्च कॉर्ड असतात. इथे एकही नाही. एका वेळी एक स्वर, लांब लांब उड्या, मधल्या जागा रिकाम्या. तंबोरा थांबवल्यावरही कानात सा चालू राहतो, तशा त्या जागा आपलाच कान भरत राहतो. कासाल्स इथे काही 'करत' नाही, लाडीक कंप नाही, शेवट ओढून धरणं नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा संपल्यावर पुढचा नाच, गावोत, सुरू होऊ दिला नाही, बंद केलं.

इतरांशी तुलना होणारच. रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविचने हे १९९१ मध्ये फ्रान्समधल्या वेझलेच्या चर्चमध्ये मुद्रित केले. नाद भव्य आहे, पण मला त्यात दगडी कमानी जास्त आणि नाच कमी ऐकू येतो. प्रेल्यूड सोडले तर हे सगळे शेवटी नाचांचेच प्रकार आहेत. नाच हवा असेल तर डच चेलोवादक आनर बिल्स्माचं १९७९ चं मुद्रण घ्या. हलका गज, आतड्याच्या तारा, वाक्यं तुटक तुटक, एखादा मिश्कील माणूस गप्पा मारत बसल्यासारखी. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला मी तेच देईन, कासाल्स नाही. कासाल्स दुसरा. पण परत परत जावं लागतं ते त्याच्याकडेच, आणि खरखरीसकट.

एका बैठकीत सहाही ऐकू नका. सव्वादोन तासांच्या आसपास जातात आणि चौथ्यापाशी कान बधिर होतात. दिवसाला एक, सहा दिवस. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत, त्या काळचे लोक तर दर भागानंतर उठून तबकडी उलटत असतील. त्या मानाने आपलं सोपं आहे.

वैतागलेल्या मैत्रिणीला हे सगळं तोंडी सांगितलं होतं. तिने काल रात्री दुसऱ्या सुइटपासून सुरुवात केली. साधारण मिनिटभरात तिचा निरोप आला : 'अगं, माझे हेडफोन बिघडलेत वाटतं.'