रेशमावर घरी नक्षी रंगवताना: मेण की दोरा?

एकरंगी स्टोल किंवा ओढणी घरी नीट रंगवता येऊ लागली की नक्षीची ओढ लागते, आणि नक्षी हवी तर कापडाचा काही भाग रंगापासून राखावा लागतो. तो मेणाने राखायचा, म्हणजे बाटिक करायचे, की दोऱ्याने आवळून राखायचा, म्हणजे बांधणी करायची, हा निर्णय रेशमाच्या बाबतीत सुती कापडापेक्षा अवघड आहे. मी दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत. सुती कापडावर मला आजही बाटिकच अधिक आवडते; रेशमाबाबत मात्र माझे मत हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकले.

अडचणीचे मूळ तापमानात आहे. रेशमाचा धागा प्रथिनांचा असल्यामुळे त्यावर ॲसिड रंग उत्तम चढतात, परंतु त्यासाठी व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड घातलेले रंगाचे पाणी साधारण 85 ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. मधमाश्यांचे मेण 62 ते 64 अंशांच्या आसपास वितळते आणि बाटिकसाठी मिळणारे पॅराफिन बहुधा त्याच्याही आधी. म्हणजे ज्या उष्णतेत रेशीम रंग धरते, त्या उष्णतेत मेण कापडावर राहतच नाही. जावा बेटावरची पारंपरिक बाटिक मुख्यतः सुती कापडावर आणि थंड निळीच्या पिंपात झाली, हे या दृष्टीने समजण्यासारखे आहे. आपल्याकडच्या बाटिककामात नॅप्थॉल किंवा थंड पाण्यात चढणारे रिॲक्टिव्ह रंग वापरतात. पण पहिल्याला कॉस्टिक सोडा लागतो, दुसऱ्याला धुण्याचा सोडा, आणि रेशमाला असे अल्कधर्मी पदार्थ मानवत नाहीत. तीव्र आणि गरम कॉस्टिक सोड्यात तर रेशीम चक्क विरघळते. धुण्याचा सोडा थंड पाण्यात एवढा घातक नसतो, हे मान्य. तरीही सोड्यात रंगवलेला माझा स्टोल नंतर हाताला थोडा कोरडा लागला, आणि तो भास असेल असे मला वाटत नाही.

यातून एक वाट आहे. कापड चौकटीवर ताणून मेणाच्या रेषा काढायच्या, त्यांच्या मधल्या जागेत ॲसिड रंग ब्रशने भरायचे, आणि वाळल्यावर कापड साध्या कागदाच्या थरांमध्ये गुंडाळून वाफवायचे. वाफेने रंग पक्का होतो आणि बरेचसे मेण कागद शोषून घेतो. रुमालाएवढा तुकडा कुकरमध्येही वाफवता येतो (तो कुकर मग स्वयंपाकाला वापरायचा नाही). पूर्ण लांबीच्या स्टोलची गुंडाळी मात्र जाड होते, आणि झाकणावरून वाफेच्या पाण्याचा एक थेंब आत उतरला तरी तिथे रंग पसरून डाग पडतो.

या सगळ्यावर कदाचित मी मात केली असती. माझा निर्णय झाला तो मेण काढताना. सुती कापड सोडा घातलेल्या पाण्यात खळखळून उकळता येते, म्हणून तिथे हा प्रश्न फारसा जाणवत नाही. रेशीम असे उकळता येत नाही. ते कागदात ठेवून इस्त्री केली की मेण आधी भराभर उतरते आणि मग उतरायचे थांबते; नक्षीभोवती एक तेलकट कड उरते, जी दिवसा दिसत नाही आणि संध्याकाळी दिव्याखाली स्पष्ट दिसते. गरम साबणपाण्यात बुडवले तर मेण सुटून वर तरंगते, आणि कापड बाहेर काढताना त्याच तवंगातून वर येत असल्यामुळे पुन्हा त्यावर बसते. पाणी गार होऊ द्यावे, वरची मेणाची पापडी उचलावी, मग कापड काढावे, हे सारे वारंवार करावे लागते. आणि ते पाणी मोरीत ओतले की पुढचे काम नळदुरुस्तीवाल्याचे. पेट्रोलसारख्या द्रावकाने मेण लवकर निघते, पण स्वयंपाकघराच्या आसपास ते मी वापरणार नाही आणि कोणाला सुचवणारही नाही. ड्रायक्लीनिंगला द्यावे, तर आमच्या भागातला दुकानदार मेणाचे कापड म्हटल्यावर हात लावत नाही. एवढे करूनही कापडाची जी सळसळ ऐकण्यासाठी रेशीम घेतले, ती पूर्णपणे परत येत नाही.

बांधणीत हा शेवटचा टप्पाच नाही. दोरा गरम आम्लाच्या पाण्यातही टिकतो, आणि रंग झाल्यावर कापड आडवे ताणले की बऱ्याच गाठी आपोआप सुटतात. कच्छ आणि जामनगरकडे गजी रेशमावर (साटिन विणीच्या चकचकीत रेशमावर) बांधणीची जुनी परंपरा आहे, ती उगाच नव्हे. क्रमही सोपा आहे: पांढरे राहायचे ठिपके आधी बांधायचे, पिवळ्यात रंगवायचे, मग पिवळे ठेवायचे ठिपके बांधून लाल रंगात घालायचे. तिथल्या कारागिरांसारखी नखाने चिमूट उचलणे सर्वांना जमेलच असे नाही. मसूर किंवा हरभऱ्याचा दाणा आत धरून बांधले तरी चालते. बांधणीलाही खोड आहेच. रेशीम निसरडे असल्यामुळे दोरा सरकतो, ढिल्या गाठीत रंग झिरपतो, आणि एका ओढणीचे ठिपके बांधण्यात कित्येक संध्याकाळी जातात. शिवाय वेल, मासा, अक्षर अशी वाहती रेषा हवी असेल तर बांधणीत ती ठिपक्यांचीच होते. मेणाच्या रेषेचा आणि तिच्यातल्या बारीक भेगांचा डौल तिला येत नाही. भिंतीवर लावायचे चित्र करायचे असेल, तर मी बाटिक करू नका असे म्हणणार नाही. अंगावर घ्यायचे कापड असेल, तर मात्र मी दोरा निवडेन.

सुरुवातीला पातळ मलबरी रेशीम किंवा शिफॉन घ्यावे, परंतु शिफॉन पॉलिएस्टरचे नाही याची खात्री करून घ्यावी. कडेचा एक धागा जाळला असता जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर ते रेशीम. भंडारा-गडचिरोलीकडचे टसर सुंदर असते, पण जाड असल्यामुळे चिमटीत नीट येत नाही आणि त्याच्या मूळच्या मधाळ रंगामुळे ठिपके पांढरे उमटत नाहीत. कापड आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन त्यातली खळ काढावी, भिजलेलेच रंगात घालावे, आणि गाठी सुटल्यावर राहणाऱ्या बारीक चुण्या आवडत असतील तर त्यावर इस्त्री फिरवू नये.