‘सगळ्या परंपरांचा एकच महाग्रंथ’ विकणाऱ्यापासून सावध राहा (टॅरो, कबाला शिकणाऱ्यांनी जरूर वाचा)

मोठी पोस्ट आहे पण टॅरो (भविष्य बघायची चित्रांची पानं), कबाला (ज्यूंची गूढविद्या) किंवा एकूणच पाश्चात्त्य गूढविद्या शिकत असाल, किंवा घरात कोणी शिकत असेल, तर शेवटपर्यंत वाचा. माझे पैसे गेले हे तर आहेच, पण त्या पुस्तकात काही गोष्टी अशा आहेत की कोणी खऱ्या मानून करून बघितल्या तर जीवावर बेतेल, म्हणून लिहितेय.

मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहते. टॅरोच्या निमित्ताने या विद्येच्या इतिहासाची गोडी लागली आणि त्यात कॉरस्पॉन्डन्सचे तक्ते मला सगळ्यात जास्त आवडतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कुठल्या ग्रहाला कुठला धातू, कुठला रंग, धूप, हिब्रू अक्षर, टॅरोचं पान, देवता, रत्न हे सगळं ज्यात ओळीने लावलेलं असतं ते हे तक्ते. सोळाव्या शतकातला जर्मन विद्वान अग्रिपा, त्याचे गूढविद्येवरचे तीन खंड 1533 मध्ये कोलोनला पूर्ण छापून आले त्यात ते आहेत, आणि इंग्रज गूढविद्यावाला क्रॉली, त्याचं 1909 चं ‘777’ हे तर जवळजवळ नुसत्या तक्त्यांचंच पुस्तक आहे, 32 ओळी, म्हणजे कबालाच्या वृक्षावरचे 10 सेफिरोथ म्हणजे स्थानं आणि त्यांना जोडणारे 22 मार्ग, आणि आडवे एकामागून एक स्तंभ. अलीकडचं म्हणाल तर स्टीफन स्किनरचं 2006 चं तक्त्यांचं पुस्तक आहे. ही खरी पुस्तकं वाचताना फार आनंद मिळतो, दोन हजार वर्षं माणसं जगाची मांडणी कशी करत आली ते त्यात दिसतं.

तर झालं असं, की व्हिडिओवरून शिकवणारे एक गृहस्थ आहेत, बोलणं अतिशय गोड, मागे पुस्तकांची भिंत. त्यांनी जाहीर केलं की सगळ्या परंपरांचे तक्ते एकत्र करून, मूळ हस्तलिखितांवरून तपासून, चामडी बांधणीचा एक ग्रंथ काढतोय, मोजक्याच प्रती, प्रत्येकीवर नंबर, आधी पैसे भरतील त्यांनाच मिळेल. किंमत दीडशे पौंडाच्या आसपास. नमुन्याची पानं मागितली तर लगेच पाठवली, आणि मी ती नीट तपासली, अग्रिपाच्या 1651 च्या इंग्रजी भाषांतराशी ताडून पाहिली, एकही चूक सापडली नाही. सापडणार कशी, ती पानं जुन्या, कॉपीराइट संपलेल्या पुस्तकातून उचलून नव्या टायपात बसवलेली होती, हे नंतर कळलं. म्हणजे जो माणूस तपासून घेतो त्याला गप्प करण्यासाठीच तो नमुना बनवलेला होता, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

आलं काय, तर साध्या पुठ्ठ्याच्या कव्हरचं जाडजूड पुस्तक, नंबर नाही, चामडं नाही. शेवटच्या पानावर बारकोड आणि छापल्याची तारीख, ती मी पैसे भरल्यानंतरची. म्हणजे ऑर्डर आली की एक प्रत छापायची अशी ती सोय असते ना, ती. तसं छापणं काही गुन्हा नाही, चांगले अभ्यासकही आपली पुस्तकं तशी काढतात, पण मग हाताने बांधलेल्या मोजक्या प्रती असं सांगून पैसे घ्यायचे नाहीत.

पण बांधणीचं सोडा, आतलं बघा. माझं पहिलं लक्ष गेलं ते तत्त्वांच्या तक्त्यावर. 1888 मध्ये लंडनला गोल्डन डॉन नावाची गूढविद्येची संस्था निघाली, त्यांनी पंचतत्त्वं आपल्याकडूनच घेतली, रामप्रसाद यांचं 1890 चं स्वरशास्त्रावरचं, म्हणजे श्वासाच्या शास्त्रावरचं, इंग्रजी पुस्तक हा त्याचा मोठा आधार. पृथ्वी पिवळा चौकोन, आप रुपेरी चंद्रकोर, तेज लाल त्रिकोण, वायू निळं वर्तुळ, आकाश गडद अंड्याचा आकार. या पुस्तकात आप लाल त्रिकोण आणि वायू पिवळा चौकोन दिलाय! पृथ्वी-आप-तेज-वायू-आकाश लहानपणापासून ऐकलेल्या कोणालाही हे खटकेल, पण इथल्या ज्या मुलामुलींनी हे शब्द पहिल्यांदाच वाचले ते तसेच पाठ करणार.

मग मी ग्रहांचे जादूचे चौरस काढले. हे अग्रिपाच्या दुसऱ्या खंडात 22 व्या अध्यायात आहेत आणि ते तपासायला कुठलीच विद्या लागत नाही, बेरीज आली की झालं. शनीचा 3 बाय 3, प्रत्येक ओळीची बेरीज 15. गुरूचा 4 बाय 4, बेरीज 34. मंगळ 65, सूर्य 111, शुक्र 175, बुध 260, चंद्र 369. उभं, आडवं, तिरपं कसंही मोजा तेवढंच यायला पाहिजे आणि एकही आकडा दोनदा येता कामा नये. मंगळाची पहिली ओळ 11, 24, 7, 20, 3 अशी असते, या पुस्तकात शेवटचा आकडा 13 छापलाय, म्हणजे बेरीज 75 आणि 13 हा आकडा चौरसात दोनदा. शुक्राच्या चौरसात तर सातपैकी एकही ओळ जुळत नाही. आणि सूर्याच्या जागी चक्क आपल्या नवग्रह यंत्रातला 3 बाय 3 चा, बेरीज 15 येणारा चौरस टाकलाय. आपल्याकडे नऊही ग्रहांचे चौरस 3 बाय 3 चेच असतात, सूर्य 15, चंद्र 18, मंगळ 21 असे तीन-तीनने वाढत केतूला 39, ती पूर्ण वेगळी आणि आपल्या जागी नीट चालणारी पद्धत आहे. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दाखवल्या असत्या तर मी कौतुकच केलं असतं, पण इथे न सांगता एकीतला तुकडा दुसरीत घुसवलाय.

टॅरोचं तर विचारू नका. इथे शाळा, म्हणजे पंथ, वेगवेगळ्या आहेत आणि शाळा कुठली ते सांगितल्याशिवाय तक्त्याला काही अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकातल्या एलिफास लेवीच्या फ्रेंच पद्धतीत पहिलं हिब्रू अक्षर आलेफ हे जादूगाराच्या पानाला, गोल्डन डॉनमध्ये आलेफ मूर्खाच्या पानाला, त्यामुळे एकापाठोपाठ एक जवळजवळ सगळी अक्षरं सरकतात. फ्रान्सच्या मार्से पद्धतीच्या जुन्या पानांत न्यायाच्या पानाचा नंबर 8 आणि सामर्थ्याचा 11, गोल्डन डॉनने ते उलटं केलं आणि 1909 च्या रायडरच्या पानांत, म्हणजे पामेला कोलमन स्मिथने चित्रं काढलेल्या, तेच आलं. त्यात क्रॉलीने पुढे सम्राट आणि तारा या पानांची हिब्रू अक्षरं, ‘हे’ आणि ‘त्सादी’, आपसात बदलली. या पुस्तकात सम्राटाचं अक्षर एका पद्धतीतून आणि ताऱ्याचं दुसऱ्या पद्धतीतून घेतलंय, त्यामुळे ‘हे’ हे अक्षर दोनदा आलंय आणि त्सादी कुठेच नाही. टॅरोची 22 मुख्य पानं, 22 अक्षरं, प्रत्येक एकदाच, हे कुठल्याही शाळेत बदलत नाही. कुठलंही नवं पुस्तक घ्याल तेव्हा ही मोजणी पेन्सिल घेऊन करा, पाच मिनिटं लागतात.

आता सगळ्यात गंभीर भाग. वनस्पतींच्या तक्त्यात शनीखाली हेनबेन दिलंय, आपल्याकडे त्याला खुरासानी ओवा म्हणतात. शनीखाली ते असणं चूक नाही, इंग्रज वनौषधीकार कल्पेपरने 1652 मध्येच तसं लिहिलंय. पण ते विष आहे, त्याने भ्रम होतो, मात्रा वाढली तर माणूस मरतो. या पुस्तकात समोरच्या रकान्यात लिहिलंय की शनिवारी रात्री बंद खोलीत याचा धूर करावा. दोन पानं पुढे ॲकोनाइट, म्हणजे आपल्या बचनागाच्या कुळातलं, आंघोळीच्या पाण्यात टाकायला सांगितलंय, तेही त्वचेतून अंगात भिनतं. एका शब्दाची सूचना नाही. जुन्या पुस्तकात शनीचा धूप म्हणून क्रॉलीने हिंग आणि गंधक वगैरे घाण वासाची यादी दिलीय, पण ती यादी म्हणून, कोणाला आंघोळ घालायला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या मायकोलॉजिकल सोसायटीने, म्हणजे मशरूमचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने, लोकांना इशारा दिला होता की मशीनने, म्हणजे एआयने, लिहिलेली रानमशरूमची पुस्तकं ऑनलाइन विकली जातायत, ती घेऊ नका. हे पुस्तकही त्याच जातीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सात वेगवेगळ्या रत्नांखाली तोच परिच्छेद नाव बदलून आलाय, आणि तळटीपांमध्ये ‘अग्रिपा, चौथा खंड’ असा दाखला ठिकठिकाणी दिलाय. अग्रिपा 1535 मध्ये गेला, चौथा खंड म्हणून जे फिरतं ते त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आलं आणि त्याचा शिष्य योहान वायर यानेच ते त्याचं नाही म्हणून सांगितलं. ज्याने खरंच हस्तलिखितं चाळली आहेत त्याला हे माहीत नसणं शक्य नाही.

मी सगळी यादी करून पाठवली. उत्तर आलं की या चुका नाहीत, ‘ब्लाइंड’ आहेत, दीक्षा न घेतलेल्यांना कळू नये म्हणून मुद्दाम घातल्यात, आणि खरी किल्ली हवी असेल तर पुढचा कोर्स घ्या, त्याची फी वेगळी. हे उत्तर नीट समजून घ्या कारण इथेच बरेच जण अडकतात. या परंपरेत मुद्दाम दिशाभूल करणारे ब्लाइंड घालायची पद्धत खरोखर होती, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच कमी कळतंय. पण ब्लाइंड घालणाराही चौरसात एक आकडा दोनदा छापत नाही, आणि विषाच्या बाबतीत ब्लाइंड घालणारा गुरू असूच शकत नाही. शिवाय गोल्डन डॉनची ‘अप्रकाशित’ कोष्टकं देतो म्हणे, तर त्याच परंपरेतल्या इस्राएल रेगार्डीने त्यांचे बहुतेक कागद 1937 ते 1940 मध्ये शिकागोहून चार खंडांत छापून टाकलेत.

तिसऱ्या पत्रात म्हणाला की या क्षेत्रात सगळेच एकमेकांचं घेतात, 1801 मध्ये इंग्रज लेखक फ्रान्सिस बॅरेटनेही अग्रिपाचंच उतरवून स्वतःच्या नावावर छापलं. ते खरं आहे. बॅरेटवर आजही त्यासाठीच टीका होते. आणि निदान बॅरेटने जे उतरवलं ते खऱ्या पुस्तकातून.

पैशांचं सांगते. अर्धी रक्कम मी क्रेडिट कार्डाने भरली होती, उरलेल्यासाठी त्याने ‘ओळखीच्या माणसाला पैसे पाठवा’ हा पर्याय वापरायला सांगितला, म्हणजे त्याची फी वाचते म्हणून. असं कोणीही सांगितलं तर थांबा, कारण त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं. इंग्लंडमध्ये 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम 75 आहे, वस्तूची किंमत 100 पौंडांच्या वर आणि 30,000 पर्यंत असेल आणि त्यातला थोडासा भाग जरी क्रेडिट कार्डाने भरला असेल तरी पूर्ण किमतीसाठी बँक जबाबदार असते. मी जाहिरातीचे स्क्रीनशॉट, शेवटच्या पानाचा फोटो आणि त्या चौरसांच्या बेरजा असं सगळं जोडून पाठवलं. बेरजा फार उपयोगी पडल्या, बँकेतल्या बाईंना कबाला समजावून सांगायची गरजच पडली नाही. पूर्ण पैसे परत आले, वेळ लागला पण आले.

माझ्या पुण्याच्या मावसबहिणीलाही तेच पुस्तक ‘भारतातल्या वाचकांसाठी खास’ म्हणून यूपीआयने पैसे मागत दाखवलं गेलं, व्हिडिओ तोच, नाव वेगळं. तिने भरले नाहीत. भारतात कोणी भरले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त, आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी अग्रिपाचं 1651 चं भाषांतर आणि 1909 चं ‘777’ यांची स्कॅन फुकट वाचा, दोन्ही कॉपीराइटच्या बाहेर आहेत. अग्रिपा विकत घ्यायचाच असेल तर डोनाल्ड टायसनची 1993 ची टिपांसकट आवृत्ती किंवा एरिक पर्ड्यूचं 2021 चं नवं भाषांतर घ्या. लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये क्रॉलीच्या कागदपत्रांचा यॉर्क संग्रह आहे, कोणी हस्तलिखितांवरून तपासलं म्हणत असेल तर कुठल्या संग्रहातलं, नोंद क्रमांक काय, एवढंच विचारा, खऱ्या अभ्यासकाला ते सांगायला आनंदच होतो.

ज्यांच्याकडे हे पुस्तक आधीच आलंय त्यांनी वनस्पतींच्या तक्त्यातलं काहीही जाळू नका, पाण्यात घालू नका, आणि दुसऱ्याला विकूही नका. आणि शेवटच्या पानाचा फोटो आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा, कारण तो व्हिडिओ गेल्या आठवड्यात परत नव्या नावाने आलाय, या वेळी जाहिरातीत ‘सुधारित आवृत्ती’ लिहिलंय आणि नमुन्याची पानं तीच आहेत.