बारा पौंडांचा सेन्सर आणि फ्लोअर हीटिंगचा एक हिवाळा

मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात किचनमध्ये विनाइलखाली इलेक्ट्रिक हीटिंग मॅट टाकून घेतली. मॅटबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे फरशीचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरबद्दल, आणि तो ज्याने बसवला त्याच्याबद्दल तर भरपूर.

ऐन जानेवारीत थर्मोस्टॅटवर एरर आला आणि फरशी गार पडली. फिटरला फोन केला तर म्हणतो, ‘फ्लोअर मोडवरून एअर मोडवर टाका, होईल चालू.’ होईल हो! पण एअर मोडमध्ये थर्मोस्टॅट फक्त खोलीची हवा मोजतो, फरशी किती तापली ते कोण बघणार? आमच्या विनाइलला 27 अंशांची मर्यादा आहे. मागचं दार सारखं उघडं, म्हणजे हवा 21 अंशांवर जाईपर्यंत खाली मॅट तापतच राहणार. मग पट्ट्यांच्या सांध्यांत फटी पडल्या की विनाइलवाला हात वर करायला मोकळा.

तोवर मी थर्मोस्टॅटला शिव्या घालत होते. नवऱ्याने मेन बंद करून सेन्सरच्या तारांना मल्टिमीटर लावला, तेव्हा मत बदललं. आमच्या सेन्सरचा रेझिस्टन्स 25 अंशांना 10 हजार ओहम. गारठा वाढला की तो वाढतो. तार तुटली की तो अनंत, म्हणजे थर्मोस्टॅटच्या लेखी फरशीवर अतिथंडी. बावळट यंत्र असतं तर मॅट तापवतच सुटलं असतं. आमच्याने एरर दाखवून वीज तोडली. त्याबद्दल पैकीच्या पैकी मार्क.

आता सेन्सर. मिळतो बारा पौंडांना. तो दोन हीटिंग केबलांच्या बरोबर मध्ये, टोक बंद केलेल्या बारीक पाइपातून सोडायचा असतो, म्हणजे बिघडला की ओढून काढायचा आणि नवा सरकवायचा. आमच्या महाशयांनी तो थेट लेव्हलिंग कंपाउंडमध्ये (जमीन सपाट करायच्या मिश्रणात) गाडला होता. चार पौंडांचा पाइप वाचवला! शेवटी दुसरा इलेक्ट्रिशियन आला. त्याने मॅट एअर मोडवर थोडा वेळ चालवून थर्मल कॅमेऱ्यात केबल कुठून जाते ते बघितलं, विनाइलच्या दोन पट्ट्या उचलल्या, मधोमध चर पाडून पाइप बसवला. मजुरी 180 पौंड.

तरी एक गोष्ट कुठलाच सेन्सर सांभाळत नाही. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. ऊबदार फरशीवर सतरंजी अंथरून भाजी निवडायची त्यांना भारी हौस. एकदा सतरंजी उचलून इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, तर खाली 33, आणि सेन्सरपाशी 26! झाकलेल्या जागी उष्णता वर निघत नाही, आणि सेन्सर बसलाय दुसऱ्या टोकाला. (चकचकीत फरशीवर हा थर्मामीटर चुकीचं दाखवतो, मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरा.) आईंना मधुमेह, तळपायांना चटका लवकर कळत नाही. ‘आई, खुर्चीत बसा बरं,’ म्हटलं तर रुसल्या. सतरंजी मात्र गेली ती गेलीच. गादी, बीनबॅग, बिनपायांचं कपाट, सगळ्याला तोच नियम.

युरोपियन मानकात राहत्या खोलीसाठी 29 आणि बाथरूमसाठी 33 अंश ही कमाल दिली आहे, पण लाकूड-विनाइलवाल्यांनी आपल्या फरशीच्या कागदावरचा आकडाच धरावा. ही मर्यादा आमच्या थर्मोस्टॅटच्या इन्स्टॉलर मेनूत दडलेली आहे, ती स्वतः उघडून बघा. फिटरने आमच्याकडे 35 ठेवली होती.

आता फ्लोअर मोडवर 25 ठेवते. मॅट तीन चौरस मीटरची, 450 वॉटची. सलग तापली तरी तासाला बारा पेन्सांच्या आसपास. सकाळी दोन तास पुरतात. इडलीचं पीठ मात्र इथल्या थंडीत पहिल्यांदाच फुगलं. पातेलं स्टँडवर ठेवते, फरशीला चिकटवून नाही.

180 पौंडांचं बिल पहिल्या फिटरला पाठवलंय, उत्तर नाही. पुढे बाथरूम करायचंय. तिथे टाइल लावण्याआधी दोन सेन्सर आणि दोन पाइप मी स्वतः बघून, फोटो काढूनच पुढे जाऊ देणार.