सिएटलची लिंक ट्रेन: गाडी मस्त, तिजोरीच्या किल्ल्या ऑलिंपियाकडे

सिएटलला नवीन आलेल्यांनी लिंक लाईट रेल वापराच. एअरपोर्टवरून डाउनटाउनला साधारण ४० मिनिटं, हायवेवर कितीही ट्रॅफिक असो, मोठ्यांना कुठूनही कुठेही ३ डॉलर आणि १८ पर्यंतच्या मुलांना फ्री, म्हणजे दोन पोरं असलेलं कुटुंब सामानासकट ६ डॉलरमध्ये घरी. २०२४ ला लाईन लिनवुडपर्यंत गेली, डिसेंबर २०२५ ला फेडरल वेपर्यंत, त्यामुळे आता खरंच रोजच्या कामाची झालीय. गाडीला ५ पैकी ५.

स्टार कापायचाच तर विस्ताराच्या वेगाचा कापेन, पण तो एकट्या साउंड ट्रान्झिटच्या, म्हणजे लिंक चालवणाऱ्या एजन्सीच्या, नावावर नको. २०१६ ला एसटी३ च्या, म्हणजे साउंड ट्रान्झिटच्या तिसऱ्या विस्ताराच्या, ५४ अब्ज डॉलरच्या प्लॅनला मत दिलं, मग शहरातल्या बॅलर्ड आणि वेस्ट सिएटल भागांची लाईन कुठेय, असं सगळे विचारतात. खर्च भयंकर वाढला हे खरंय. पण पैसे कुठून उभे करायचे ते एजन्सीच्या हातात नाही, वॉशिंग्टन राज्याच्या राजधानीतलं, म्हणजे ऑलिंपियातलं, विधिमंडळ ठरवतं. २०१५ च्या कायद्याने तीन वाटा दिल्या: सेल्स टॅक्स आणखी अर्धा टक्का, गाडीच्या किमतीवर ०.८ टक्के आणि प्रॉपर्टीच्या दर १००० डॉलरला २५ सेंट. बास. गॅस टॅक्सला (पेट्रोलवरच्या कराला) तर हातच लावता येत नाही, १९४४ च्या घटनादुरुस्तीने तो रस्त्यांसाठी राखीव आहे.

कार टॅबचं, म्हणजे गाडीच्या वार्षिक रजिस्ट्रेशनचं, बिल बघून लोक भडकतात ते बरोबरच आहे. गाडीची किंमत १९९० च्या दशकातल्या तक्त्याने धरतात म्हणून वापरलेली गाडी बाजारभावापेक्षा महाग दिसते, आणि तो तक्ता पण विधिमंडळाच्याच कायद्यातला! त्याच रागातून २०१९ ला कार टॅब कमी करायचा आय-९७६ हा प्रस्ताव मतदानात पास झाला, पुढच्या वर्षी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला म्हणून हा पैसा वाचला.

मला सगळ्यात खटकतं ते कर्जाचं. साउंड ट्रान्झिटला तिच्या हद्दीतल्या एकूण प्रॉपर्टीच्या किमतीच्या दीड टक्क्यापर्यंतच कर्ज काढता येतं, त्यापुढे ५ टक्क्यांपर्यंत जायचं तर ६० टक्के मतं लागतात. एसटी३ ला स्वतःलाच ५४ च्या आसपास मिळाली होती, मग ६० आणायची कुठून? म्हणजे खर्च वाढला की कर्ज काढून आत्ता बांधायची सोय नाही, टॅक्स जमेपर्यंत थांबा, आणि थांबलं की खर्च अजून वाढतो. २०२१ ला बोर्डाने बऱ्याच प्रोजेक्टच्या तारखा पुढे ढकलल्या त्यामागे हेही एक कारण होतं. कर्जाला मर्यादा हवीच, पण साधं बहुमत पुरेसं ठेवायला काय हरकत आहे? ही अट राज्यघटनेतलीच आहे, ती बदलायला विधिमंडळात दोन तृतीयांश मतं आणि मग राज्यभरातल्या मतदारांची मंजुरी लागते, पण सुरुवात ऑलिंपियातच होऊ शकते, तेव्हा आपल्या भागातल्या आमदाराला मेल टाकायचा तर याच मुद्द्यावर टाका.

आणि घर बघत असाल तर ट्रेन आज धावतेय तिथेच बघा, नॉर्थगेट, लिनवुड वगैरे. पुढे लाईन येणार म्हणून बॅलर्डला जास्त पैसे मोजू नका.