माइल्सचा हिशेब ठेवणारे ॲप: सव्वा वर्षाच्या वापरानंतर

आईच्या विमान कंपनीच्या खात्यातले 38,400 माइल्स, म्हणजे प्रवासाबद्दल मिळणारे आणि पुढे तिकिटासाठी वापरता येणारे गुण, ऑगस्टमध्ये मुदत संपून बुडाले आणि ते बुडाल्याचे मला ऑक्टोबरात कळले. ॲपवर त्या दिवशीही 38,400 हाच आकडा दिसत होता; त्याच्याखाली बारीक, करड्या अक्षरांत एवढेच लिहिलेले होते की ही माहिती 11 मार्चची आहे.

अशी ॲप आपण दिलेल्या पासवर्डने विमान कंपन्यांच्या आणि हॉटेलांच्या खात्यांत शिरतात आणि सगळ्या माइल्सची, पॉइंट्सची शिल्लक आणि मुदत एकाच ठिकाणी दाखवतात. आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, आणि नवऱ्याचे कामाचे प्रवास, मुलीचे कॉलेज आणि आईच्या सांगलीहून होणाऱ्या फेऱ्या मिळून घरात विमान कंपन्यांची आणि हॉटेलांची 19 खाती झाली आहेत. वर्षाची वर्गणी भरताना मी बराच विचार केला होता, पण पहिल्या काही महिन्यांतच हॉटेलचे बुडू पाहणारे पॉइंट्स दोनदा वाचले आणि पैसे वसूल झाले. ॲपमधल्या आलेखांकडे मी कधी पाहिलेही नाही. मला हवा होता तो एकच रकाना, मुदतीचा. नव्वद दिवस आधी तो पिवळा होतो, तीस दिवस आधी लाल होतो आणि ईमेल येते. आईच्या विमान कंपनीचा नियम असा आहे की 18 महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर सगळे माइल्स रद्द होतात. म्हणजे एखादी छोटीशी खरेदी करून 50 माइल्स जमा झाले असते तरी बाकीचे सगळे वाचले असते. मार्चमध्ये त्या कंपनीने बाहेरच्या ॲपना खात्यांत शिरण्यास बंदी केली आणि आईच्या ओळीतला मुदतीचा रकाना जसा होता तसा गोठला. तो ना पिवळा झाला, ना लाल.

सुरुवातीला माझा सगळा राग ॲपवर होता, आणि एका बाबतीत तो अजूनही आहे. जी माहिती शिळी झाली आहे ती ताज्या माहितीच्या शेजारी, त्याच ठळक आकड्यांत दाखवणे ही माझ्या मते अक्षम्य चूक आहे. तिथे रिकामी जागा दिसली असती तर मी त्याच दिवशी चौकशी केली असती. तक्रारीला चार दिवसांनी उत्तर आले की विमान कंपनीनेच थांबायला सांगितले असून, यापुढे खातेदाराने आपले मासिक विवरणाचे ईमेल ॲपकडे पाठवावे. विमान कंपनीशी चाळीस मिनिटे बोलल्यावर कळले की पासवर्ड तिसऱ्याला देणे हाच नियमभंग आहे, आणि शुल्क भरल्यास माइल्स परत मिळू शकतील. ते शुल्क मी भरलेले नाही.

मात्र त्या बोलण्यानंतर माझे मत थोडे बदलले, तेही प्रामाणिकपणे नोंदवते. आईच्या खात्यात शिरताना तिच्या फोनवर कोड येत असे. इकडे रात्रीचे अकरा, तिकडे सकाळचे साडेआठ, ती देवपूजा सोडून फोनवर अंक वाचून दाखवायची आणि विचारायची, “अगं, पुन्हा कशाला लागतो हा नंबर?” ॲपला अडथळा नको म्हणून शेवटी मी ती कोडची पायरीच बंद करून टाकली होती. म्हणजे 19 खात्यांचे पासवर्ड एका ठिकाणी, आणि त्यातल्या एकाचे कुलूप मी स्वतःच्या हाताने काढलेले. माइल्स चोरीला जातात, त्यांची तिकिटे काढून विकली जातात. तेव्हा विमान कंपन्यांची सुरक्षिततेची काळजी हा काही निव्वळ बहाणा नाही.

तरीही त्यावरचा उपाय दार बंद करणे हा नव्हे. पुण्याच्या माझ्या भावाने त्याच्या बँकांची माहिती अकाउंट ॲग्रिगेटरमार्फत कशी जाते ते मला दाखवले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली 2021 पासून ही व्यवस्था भारतात चालू आहे: कोणती माहिती, कशासाठी, किती काळ, हे ग्राहक ठरवतो, संमती केव्हाही मागे घेतो, आणि पासवर्ड कुणालाच द्यावा लागत नाही. बँकेतल्या पैशांबाबत हे जमते, तर माइल्सचा आकडा आणि मुदत एवढ्या दोन गोष्टी केवळ वाचू देणारी किल्ली विमान कंपन्यांना देता येणार नाही, हे मला पटत नाही.

यामागे पैसा आहे असे माझे ठाम मत आहे. जून 2020 मध्ये युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीने आपली माइल्स योजना तारण ठेवून 5 अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले. मार्च 2021 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या योजनेच्या तारणावर 10 अब्ज डॉलर उभे केले. क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँका आपल्या ग्राहकांना देण्यासाठी हे माइल्स घाऊक विकत घेतात, त्यामुळे ग्राहक कोणाच्या पडद्यावर आपली शिल्लक पाहतो याला किंमत आहे. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘द पॉइंट्स गाय’ या माइल्स-पॉइंट्सविषयीच्या संकेतस्थळाच्या मालक कंपनीवर टेक्सासमध्ये दावा लावला, तो त्या संकेतस्थळाचे ॲप ग्राहकांच्या खात्यातली माहिती वाचत होते म्हणूनच. त्या ग्राहकांनी ती माहिती स्वतःहून दिली होती, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिवाय मुदत संपून बुडालेला माइल म्हणजे कंपनीच्या डोक्यावरचे तेवढे देणे कमी झाले. मग मुदतीची आठवण करून देणाऱ्याला वाट करून देण्याची तिला घाई का असावी?

वर्गणीचे नूतनीकरण मी तूर्त केलेले नाही. हॉटेलांची खाती ॲपच्या विनामूल्य भागात नीट चालतात. आईच्या खात्यावरची कोडची पायरी पुन्हा सुरू केली आहे. परतीच्या प्रवासाचे 4,100 माइल्स आता जमा झाले आहेत, आणि त्यांची मुदत संपण्याआधीच्या महिन्याची आठवण तिने सांगलीच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या शेवटच्या पानावर लाल पेनने लिहून ठेवली आहे, म्हणजे नवे कॅलेंडर आले की ती त्यावर उतरवता येईल.